‘नवीन’ म्हणून रंगवलेले कॅलिपर गळ्यात मारले

गेल्या महिन्यात गोव्याहून येताना चोर्ला घाट चढून बेळगावात पोचलो तर मागच्या डाव्या चाकातून जळका वास आणि रिमला हात लावता येईना, चढावर ब्रेक कुठं मारतो आपण, म्हणजे कॅलिपरच (चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) धरून बसलाय. घरी चाक काढलं तर आतला पॅड लोखंडाला टेकलेला, हँडब्रेकचा लिव्हर मागं फिरत नाही. उजव्याचीही तीच गत. आमच्याकडचा पाऊस, दुसरं काय.

दोन्ही खोलून भाच्याच्या स्कूटरवरून शहरातल्या एका पार्ट्सच्या दुकानात गेलो. "ओरिजिनल हाय की ओ मामा, बॉक्स बघा, जुनं देऊन जावा, दीड हजार कमी करतो." चकचकीत सिल्व्हर रंग बघून भुललो आणि ७,५०० त्याच्या पर्सनल नंबरवर फोनवरूनच पाठवले. इथंच चुकलो, जुनं बसवून बघायच्या आधी कुणाला देऊ नका.

मागच्या कॅलिपरचा पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) दाबून आत जात नाही, फिरवत घालावा लागतो, ते मला माहीत होतं, पण उजवा अर्ध्यात जाऊन अडकला. तेवढ्यात भाच्याच्या हातून ब्रेक ऑइल सांडलं, पुसायला गेलो तर दुधावरची साय निघावी तसा रंग फडक्यावर आला. ब्रेक ऑइल रंग खातं हे खरं, पण खाली नवीन लोखंड असायला पाहिजे ना, इथं गंजाचे खड्डे! नीट बघितलं तर बोल्टच्या आट्यांतही रंग गेलेला, रबराच्या कडेला जुनी काळी धूळ. डावा तरीपण बसवला, ब्रेकच्या नळीतली हवा काढली, सकाळी बघतो तर पिस्टनपाशी ऑइल पाझरलेलं. गाडी रस्त्यावर नेली असती तर?

मग बिल बघितलं. दुकान बेळगावात आणि जीएसटी नंबर २७ नं सुरू, तो महाराष्ट्राचा कोड, कर्नाटकाचा २९. वर अक्षरं चौदाच, असतात पंधरा.

दुकानात गेलो तर काल गोड मराठीत बोलणारा माणूस पोराशी कन्नडमधून "ह्याला कळत नाही, घालव" म्हणायला लागला. अरे, जन्म बेळगावात गेला माझा! मीही कन्नडमधूनच सुरू केलं, तेव्हा गप्प झाला. बोलता बोलता मागं नजर गेली, रॉकेलच्या डब्यात दोन कॅलिपर भिजत घातलेले, एकाच्या कानावर माझ्या हॅक्सॉची खूण, शेजारी सिल्व्हर स्प्रे. पुढच्या गिऱ्हाइकाचं ‘ओरिजिनल’ तयार होत होतं.

भांडून ५,००० परत मिळाले, बाकीच्यासाठी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केलीय. आणि माझे दोन्ही डब्यातून उचलून आणले, एका जुन्या मिस्त्रीनं लिव्हर मोकळे केले, नवीन सील किट आणि पिनांना सिलिकॉन ग्रीस घातलंय, सध्या त्यावरच गाडी फिरतेय.