कोलंबियाचा अर्थ-पत्रकारितेचा एम.ए. : अर्जप्रक्रियेचे परीक्षण

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, तेव्हा मी एका मराठी दैनिकासाठी बाजार समित्यांचे वार्तांकन करत होते. लिलाव पुन्हा सुरू झाल्यावर भाव किती खाली आला हे मला सांगता येत होते. परंतु त्यातील किती घसरण शुल्कामुळे झाली आणि किती तुंबलेल्या मालाची आवक एकदम वाढल्यामुळे, हे वेगळे करून दाखवण्याची पद्धत माझ्याजवळ नव्हती. ती शिकण्यासाठी मी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पत्रकारिता विद्यालयाच्या एम.ए. अभ्यासक्रमाला, त्यातील अर्थ आणि व्यवसाय या शाखेसाठी, अर्ज केला. पुढे प्रवेश मिळाला, पण पैशांची जुळणी न झाल्यामुळे मी गेले नाही. त्यामुळे हे परीक्षण वर्गांचे नसून अर्जप्रक्रियेचे आहे.

अर्ज करण्यापूर्वी एक भेद नीट समजून घ्यावा, कारण आपल्याकडील अनेक जण येथेच चुकतात. या विद्यालयात एम.एस. आणि एम.ए. अशा दोन वेगळ्या पदव्या आहेत. एम.एस.मध्ये पत्रकारितेचे कौशल्य शिकवले जाते, एम.ए. मात्र ज्यांनी काही वर्षे बातमीदारी केली आहे आणि ज्यांना आता एखाद्या विषयाचे सखोल ज्ञान हवे आहे, त्यांच्यासाठी आहे. या रचनेला इतिहास आहे. 2002 मध्ये विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष ली बोलिंजर यांनी विद्यालयाच्या नव्या अधिष्ठात्याची निवड थांबवली आणि पत्रकाराला नेमके काय शिकवावे, हा प्रश्न चर्चेला घेतला. त्या मंथनातून 2005 मध्ये एम.ए. सुरू झाला. राजकारण, विज्ञान, कला-संस्कृती आणि अर्थ-व्यवसाय या त्याच्या चार शाखा. शैक्षणिक वर्ष नऊ महिन्यांचे, पूर्णवेळ, आणि शेवटी एक दीर्घ प्रबंधवजा वृत्तलेख.

पर्यायही पाहिले होते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कार्टर पत्रकारिता संस्थेतील अर्थ-वार्तांकनाच्या अभ्यासक्रमात स्टर्न व्यवस्थापन विद्यालयातील वर्ग करता येतात, आणि कंपन्यांचे ताळेबंद वाचण्यात ज्याला रस आहे त्याने तो आधी पाहावा. लंडनच्या सिटी विद्यापीठातील (आताचे सिटी सेंट जॉर्जेस) वित्तीय पत्रकारितेचा एम.ए. एका वर्षाचा आहे. जर्मनीत डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात अर्थधोरण-पत्रकारिता हा स्वतंत्र विषयच आहे, मात्र तो जर्मन भाषेत शिकवला जातो. माझा विषय शेतमालाचा बाजार आणि सरकारी धोरण हा असल्याने मला कोलंबियाची मांडणी अधिक जवळची वाटली.

अर्जात जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट नाही. निबंध, अनुभवपत्र, गुणपत्रके, तीन शिफारसपत्रे आणि प्रकाशित लेखनाचे नमुने मागितले जातात. नमुने इंग्रजीत नसतील तर सोबत भाषांतर जोडावे लागते. मराठी पत्रकारासाठी या अर्जातील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत 512 किलो कांदा एक रुपया किलोने विकून, खर्च वजा जाता, एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडल्याची बातमी देशभर गाजली. त्यानंतर मी आमच्या भागातील शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावत्या, जमवून एक वृत्तांत लिहिला होता. तोच नमुना म्हणून निवडला. ‘उलटी पट्टी’ हे दोन शब्द आपल्या वाचकाला पुरेसे असतात : माल विकून पदरी काही पडले नाहीच, वर गाडीभाड्यासाठी खिशातून पैसे द्यावे लागले. इंग्रजीत मात्र पट्टी म्हणजे काय, ती कोण देतो, हमाली आणि तोलाई (वजन करण्याची मजुरी) कोणत्या हिशेबाने कापली जाते, हे सगळे उलगडून सांगावे लागले. तसे करताना माझ्याच मजकुरातील एक चूक सापडली. ‘हमाली, तोलाई, आडत वजा जाता’ असे मी सवयीने लिहून गेले होते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात 2016 च्या बदलानंतर फळे-भाजीपाल्याची आडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याकडून नव्हे, तर खरेदीदाराकडून घ्यायची आहे. माझ्याजवळच्या पट्ट्या पुन्हा तपासल्या, तर त्यांवर आडत नव्हतीच. भाषांतराखाली मी दुरुस्तीची टीप जोडली आणि आमच्या दैनिकातही खुलासा छापायला दिला. ज्या अर्जामुळे आपलेच जुने काम इतक्या बारकाईने तपासावे लागते, त्या अर्जासाठी घालवलेला वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही.

निबंधात ‘कोलंबियाच का’ या प्रश्नाला मराठी अर्जदाराजवळ एक तयार उत्तर असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये तेथे पोहोचले, ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व वित्तव्यवहारावर लिहून 1915 मध्ये त्यांनी एम.ए. केले आणि 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. अर्थशास्त्र आणि मराठी पत्रकारिता यांची सांगड घालणारे याहून मोठे नाव नाही. पहिल्या मसुद्यात मी यावर पूर्ण परिच्छेद लिहिला होता. पुन्हा वाचताना जाणवले, की त्यात माझ्या कामाविषयी एक अक्षरही नव्हते आणि त्यांच्या नावाच्या आधाराने मी स्वतःला मोठे करत होते. अंतिम निबंधात एवढेच ठेवले, की सार्वजनिक पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो हा त्यांचा प्रश्न मला बाजार समितीच्या आवारात रोज भेटतो. उरलेली जागा कांद्याच्या भावाविषयी मला पडलेल्या प्रश्नाला दिली.

पुण्यातील एका सल्लागार संस्थेला मी 45,000 रुपये दिले होते, आणि ते द्यायला नको होते, असे आज स्पष्टपणे सांगते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांसाठी वापरला जाणारा साचाच त्यांनी माझ्या निबंधाला लावला. ‘नेतृत्वगुण’ आणि ‘दहा वर्षांनंतरचे ध्येय’ यांवर भर देऊन कांद्याचा भाग गाळण्याचा सल्ला दिला. पत्रकारितेच्या अर्जासाठी एखादा चांगला उपसंपादक त्यांच्यापेक्षा उपयोगी पडतो. पदवीच्या गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती मिळवण्यात माझे पाच आठवडे गेले, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे. शिफारसपत्र लिहिणाऱ्यांनाही दोन महिने द्यावेत, विशेषतः ते मराठीत काम करणारे संपादक असतील तर. त्यांना आपल्या चार-पाच वृत्तांतांची कात्रणे आणि प्रत्येक बातमी कशी मिळवली याचे टिपण द्यावे; त्याशिवाय पत्रात ‘मेहनती व प्रामाणिक’ यापलीकडे काही येत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न. शिक्षणशुल्क, घरभाडे आणि विमा धरून एका शैक्षणिक वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या पुढे जातो. 2024 च्या सुरुवातीच्या दराने हे 83 लाख रुपयांहून अधिक होतात. मराठी वृत्तपत्रातील पगारावर परत येऊन एवढे कर्ज फेडता येत नाही, आणि मला परतच यायचे होते. ज्यांचा विचार तिकडे नोकरी करण्याचा आहे त्यांचा हिशेब वेगळा असेल, परंतु शिष्यवृत्तीची रक्कम हाती येईपर्यंत त्यांनीही कर्जाच्या कागदांवर सही करू नये. माझ्यापुरते सांगायचे तर, निर्यातशुल्काच्या त्या आठवड्यांतील रोजची आवक आणि सर्वसाधारण दर मी बाजार समितीच्या नोंदींतून उतरवून घेतले आहेत, आणि नाशिकमधील अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे दर शनिवारी या आकड्यांचे विश्लेषण शिकायला जाते.