केसांच्या गोळीने बिघडवलेला थायरॉइडचा रिपोर्ट आणि वेंगुर्ल्यातली एक छोटी लॅब

मी वेंगुर्ल्यात खानावळ चालवते. बाजाराजवळच्या या लॅबमध्ये दोन वर्षं रक्त देते आहे. आज लिहायला बसले ते यंदाच्या मार्चमध्ये घडलं त्यामुळे.

आधी थोडं मागचं. ऐन मे महिन्यात, माणसं घामाने निथळत असताना मला पंखा नकोसा व्हायचा. टाचा फुटल्या, आवाज घोगरा झाला, पोट साफ होईना, आणि दुपारी भाताचा टोप उतरवला की तिथेच बसून राहावंसं वाटायचं. पाळी जायची वेळ आली असेल म्हणून वर्षभर अंगावर काढलं. शेवटी जाऊबाईंनी हाताला धरून नेलं. टीएसएच 18.6 आलं. साधारण 0.4 ते 4 असायला हवं.

मला तेव्हा वाटलं, आकडा वाढलाय म्हणजे थायरॉइड वाढलाय. लॅबवाल्या ताईंनी कागद पुढ्यात ठेवून समजावलं की टीएसएच हा थायरॉइडचा रस नव्हेच. तो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आपला रस, म्हणजे टी-4, कमी करायला लागली की पिट्युटरी जास्त जोराने ओरडते, म्हणून टीएसएच चढतं. उलट ग्रंथी जास्त काम करायला लागली, तर टीएसएच खाली जातं, आणि मग छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनही वजन उतरतं. एवढं कळल्यावर रिपोर्टची भीती अर्धी गेली. डॉक्टरांनी पुढे अँटी-टीपीओ, म्हणजे ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, करायला सांगितलं, ते खूप वाढलेलं निघालं. शरीराची संरक्षण यंत्रणाच ग्रंथीवर उठते तो हा आजार, हाशिमोटो. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. तेव्हापासून कमी पडणारा टी-4 भरून काढायची गोळी रोज घेते.

सासूबाईंना मात्र पटेना. "दर्याच्या काठार रवतो आपण, आयोडीन कमी कसा पडात?" असं त्यांचं म्हणणं. माझ्या आजाराचं कारण आयोडीन नव्हतं, पण आमच्याकडे सगळं जेवण शिरोड्याच्या जाड्या मिठावर चालायचं, त्यामुळे तेही विचारून घेतलं. मासळीत आयोडीन असतं, पण मिठागरातल्या नुसत्या मिठात ते नावालाच उरतं. म्हणून तर कारखान्यात वेगळं घालतात. आता जाडं मीठ खारवण्यापुरतं, आमटी-भाजीला आयोडीनवालं.

आता मार्चची गोष्ट. लेकीकडे मुंबईला गेले होते. तिने हौसेने सगळ्या तपासण्यांचं पॅकेज करवलं. तिथल्या लॅबने टीएसएच 0.08 आणि टी-4 वरच्या हद्दीच्या पुढे दाखवलं. रक्त घेणाऱ्याने नाव आणि वय सोडून काही विचारलं नव्हतं. लेक घाबरली. आई, तुझी गोळी जास्त होतेय, बंद कर, म्हणाली. पण धडधड नाही, वजन तसंच, आणि मला तर पुन्हा थंडी वाजायला लागली होती. गावी आल्यावर डॉक्टर म्हणाले, डोस बदलण्याआधी परत तपासू.

लॅबमध्ये ताईंनी सुई काढण्याआधी नेहमीचे प्रश्न विचारले. आजची गोळी घेतली का? चहा किती वेळाने? कॅल्शियम, लोहाची गोळी? आणि मग, "काकी, केसांका काय गोळयो घेतास काय?"

घेत होते. जानेवारीपासून, लेकीनेच पाठवलेल्या. ताईंनी डबी मागवली. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, 10 मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं सुमारे 30 मायक्रोग्रॅम. तपासणीच्या बऱ्याच यंत्रांच्या रसायनात बायोटिन वापरलेलं असतं, रक्तात ते उदंड झालं की टीएसएच खोटं कमी आणि टी-4 खोटं जास्त दिसू शकतं. त्यांनी त्या दिवशी रक्त घेतलंच नाही. तीनशे रुपये बुडवले स्वतःचे, म्हणाल्या, निदान दोन दिवस बंद ठेवा, मग या. मी तीन दिवस ठेवल्या. टीएसएच आलं 6.2.

म्हणजे गोळी कमी करायची नव्हती, वाढवायची होती. डॉक्टरांनी 75 ची 88 मायक्रोग्रॅम केली. त्या एका प्रश्नाशिवाय मी उलट्या दिशेला गेले असते. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

आणखी एक त्यांच्यामुळेच सुधारलं. मी गोळ्यांची बाटली चुलीवरच्या फळीवर ठेवायची. उष्णता आणि दमट हवेने औषधाचा जोर जातो, म्हणून ती आता आतल्या खोलीत कपाटात, झाकण घट्ट लावून. पहाटे उठल्याबरोबर पाण्याबरोबर गोळी, चूल पेटवून पहिला घावणा उतरेपर्यंत तास होतो, मगच चहा. कॅल्शियम रात्री.

उणं काय ते पण सांगते. टीएसएच संध्याकाळी मोबाइलवर येतं, पण अँटी-टीपीओ बाहेर पाठवतात, तीन दिवस गेले. रिपोर्ट इंग्रजीतच असतो. बसायला एकच बाक, आणि जांभ्याच्या पायऱ्यांना कठडा नाही. पावसात शेवाळ धरतं, सासूबाईंना दोघांनी धरून चढवावं लागतं. हे ताईंना तोंडावर सांगितलंय, गणपतीआधी कठडा बसवते म्हणाल्यात.

डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी परत तपासायचं असतं, त्याआधी आकडा स्थिरावत नाही. माझी तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे, साडेसातला. रविवारी लॅब बंद असते.