मांडवा ते दापोली की रत्नागिरी ते वेंगुर्ला? किनाऱ्याने सावकाश जायचं असेल तर

कोकणच्या किनाऱ्याने गाडी काढायची ठरली की पहिला मोह होतो तो अलिबागपासून रेडीपर्यंत सगळं एका दमात उरकायचा. नकाशावर रेवस-रेडी सागरी मार्गाची रेघ दिसतेही सलग. पण त्या रेघेला वाटेत खाड्या आडव्या येतात, आणि उत्तरेकडच्या मोठ्या खाड्या अजून गाडी फेरीबोटीत चढवूनच ओलांडाव्या लागतात. हाताशी चार-पाच दिवस असतील तर किनाऱ्याचा एकच तुकडा घ्यावा. बहुतेकांची निवड दोन तुकड्यांत होते: मांडव्यापासून दापोलीपर्यंतचा, किंवा रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा. मधला गुहागर-गणपतीपुळे पट्टा देखणा आहे, पण तो यातल्या कुठल्याही बाजूला जोडला की सावकाशपणा संपतो. त्याच्यासाठी वेगळी सुट्टी काढा.

काय काय पाहायला मिळेल याची यादी करून निवड होणार नाही. समुद्रातले किल्ले, जुनी देवळं, सुरूची बनं आणि ताजे मासे दोन्हीकडे आहेत. प्रश्न असा विचारावा की तुम्हाला रोज पुढे सरकत राहायला आवडतं, की दोन ठिकाणी मुक्काम टाकून आजूबाजूला भटकायला? पहिलं असेल तर उत्तर, दुसरं असेल तर दक्षिण. बाकी सगळं तपशिलाचं आहे, आणि तपशील बरेच आहेत.

खाड्या कशा ओलांडायच्या

मुंबईकरांची उत्तरेकडची सहल भाऊच्या धक्क्यावरच सुरू होते. 2020 पासून तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते; गाडी पोटात आणि तुम्ही वर डेकवर. तासाभरात पलीकडे. पनवेल-वडखळच्या रांगेतून सुटका होते हा फायदा आहेच, शिवाय सहलीचा पहिला तास समुद्रावर जातो. पुढे मुरुड झालं की आगरदांडा-दिघी फेरी, आणि हरिहरेश्वर झालं की बागमांडला-वेश्वी. दोन्ही छोट्या. गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहावं, एसटीची वाट पाहून कंटाळलेल्या गाववाल्यांशी दोन शब्द बोलावेत, तोवर पलीकडचा धक्का येतो. पण फेरी रात्रभर चालत नाही. शेवटची चुकली तर सावित्रीच्या खाडीला आंबेत-म्हाप्रळकडून भलामोठा वळसा पडतो. म्हणून उत्तरेकडे दिवसाचं गणित फेरीच्या वेळेवर बांधायचं. ज्यांना ही सक्ती जाचते त्यांची या वाटेवर चिडचिड होते. मला ती आवडते, कारण थांबण्याचं निमित्त आपोआप मिळतं.

दक्षिणेकडे बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. रत्नागिरी सोडताच भाट्याचा, मग पूर्णगडचा, मग जैतापूरचा. विजयदुर्गकडे जाताना वाघोटणच्या खाडीपाशी रस्ता थोडा आत शिरतो, एवढंच. मात्र पूल आहेत म्हणून वेग येईल असं समजू नका. हा रस्ता खाडीतून घाटी चढून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर येतो, सडा संपला की पुन्हा उतरतो, आणि पुढची खाडी येते. दिवसभर हेच. तासाला तीस किलोमीटरपेक्षा जास्त धरून बेत आखला तर संध्याकाळी अंधारात वळणं मोजत बसावं लागेल. ज्यांना वळणांवर मळमळतं त्यांना उत्तरेकडची वाट सोसवेल, विशेषतः दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा तुकडा. तिथे समुद्र रस्त्याला इतका चिकटून आहे की गाडी चालवणाऱ्यावर अन्याय होतो.

किल्ले: होडी लागते की नाही

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यातले चार कोकणच्या किनाऱ्यावर आहेत, आणि योगायोगाने वाटणी सारखी झाली आहे. उत्तरेकडे खांदेरी आणि सुवर्णदुर्ग, दक्षिणेकडे विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. कागदावर बरोबरी. प्रत्यक्षात नाही.

खांदेरीला थळहून होडी ठरवून जावं लागतं. सुवर्णदुर्गाला हर्णैहून होडी मिळते, पण चढउतार करताना पाय भिजणार आणि तोल सांभाळावा लागणार. दक्षिणेकडे विजयदुर्गाला होडीच लागत नाही. गाडी पार दरवाज्याजवळ जाते. सिंधुदुर्गाला मालवणच्या जेट्टीवरून होड्यांची सतत ये-जा असते आणि अंतर अगदी थोडं. गुडघे कुरकुरणारे आई-वडील बरोबर असतील तर हा एक मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो.

उत्तरेकडे सगळ्यात जास्त गर्दी मात्र यादीत नसलेल्या किल्ल्यावर होते, जंजिऱ्यावर. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं, आत कलाल बांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव पाहायचे. होडीवाल्याने दिलेली वेळ कमीच पडते. परतताना समुद्रात दुसरी एक काळसर तटबंदी दिसते. तो पद्मदुर्ग, जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला. दोन्ही एका नजरेत दिसतात तेव्हा इथलं सागरी राजकारण जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही.

इतिहास सलग गोष्टीसारखा हवा असेल तर आंग्र्यांचा धागा धरा. कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबागेत आहे. ते 1729 मध्ये वारले. पुढे त्यांचा मुलगा तुळाजी पेशव्यांना जुमानेना. 1755 मध्ये इंग्रज कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साथीने सुवर्णदुर्ग घेतला आणि 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रजांनीच विजयदुर्ग. म्हणजे या गोष्टीची सुरुवात उत्तरेला आणि शेवट दक्षिणेला. ज्याला एकच टोक पाहायचं आहे त्याने विजयदुर्ग पाहावा. तीन पदरी तट आणि खाडीच्या तोंडावरची जागा पाहिल्यावर आरमाराला हा किल्ला इतका का हवा होता ते सांगावं लागत नाही.

विजयदुर्गावर ‘हेलियमचा शोध इथून लागला’ ही गोष्ट ऐकवली जाते. ऐका आणि सोडून द्या. या शोधाचं श्रेय ज्या दोघांना देतात त्यांपैकी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण गुंटूरहून पाहिलं, आणि इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता. किल्ल्याचं मोठेपण या गोष्टीवर मुळीच अवलंबून नाही.

उत्तरेकडे मराठ्यांशिवायचा इतिहासही रस्त्यालगत सापडतो. रेवदंड्याचा पोर्तुगीज तट आणि चौलची जुनी बंदरवस्ती एकाच सकाळी होते. पलीकडे कोर्लईच्या डोंगरावर पोर्तुगीज किल्ला आहे, आणि पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली एक वेगळीच बोली बोलतात. अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 ची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाबा वेधशाळेची उपकरणं बिघडू नयेत म्हणून ती इकडे हलवली. दक्षिणेकडे अशी विविधता रत्नागिरी शहरात आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा तिथे आहे. 1885 मध्ये पदच्युत झालेला हा राजा 1916 मध्ये तिथेच वारला. मग थेट वेंगुर्ल्याची डच वखार. त्यांच्या मध्ये बराच वेळ फक्त समुद्र आणि आंबा-काजूच्या बागा.

भरती-ओहोटीचा हिशेब

हा भाग उत्तरेकडे जाणाऱ्यांनी नीट वाचावा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, आणि हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणाही ओहोटीतच करायची असते. तिथे वेळ चुकवून जीव गमावलेले लोक आहेत, म्हणून गावकऱ्यांनी नाही म्हटलं तर वाद घालू नका.

कोकणात भरतीचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, द्वादशीला नऊ वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतोच, म्हणून निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक पाहावं, पण तारखा ठरवायला हा हिशेब पुरतो. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते आणि सोयीची वाटते, पण तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार मागे हटत नाही. उधाणाच्या दिवसांत, पुनवेला आणि अवसेला, पाणी खूप मागे हटतं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. मधला मार्ग म्हणजे तृतीया-चतुर्थीची सकाळ किंवा द्वादशी-त्रयोदशीची दुपार. सुट्टीचा अर्ज भरण्याआधी कॅलेंडरवर तिथी पाहा.

दक्षिणेकडे हा जाच जवळजवळ नाही. भरती असो की ओहोटी, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आपल्या जागी आहेत.

प्राणी, पक्षी, कातळ

उत्तरेचा हुकमी पत्ता वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव ऑलिव्ह रिडले कासवांमुळे ओळखलं जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं समुद्रात सोडली जातात, मुक्काम गावातल्या घरांत. पिल्लं निघतीलच याची हमी कोणी देत नाही, तेव्हा एक रात्र जास्त ठेवावी. दुसरं ठिकाण फणसाड. काशीदजवळचं हे जंगल पूर्वी मुरुडच्या नवाबाची शिकारीची जागा होती. 1986 पासून अभयारण्य. शेकरू दिसण्याची शक्यता बरी, गर्दी किनाऱ्यापेक्षा खूपच कमी.

दक्षिणेकडे निसर्ग पाण्याखाली आणि कातळावर आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. तिथल्या प्रवाळांसाठी लोक स्नॉर्केलिंग करतात. निवतीच्या समुद्रात डॉल्फिन दिसतात. कर्ली नदीच्या मुखाशी देवबागला एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची अरुंद पट्टी. पण माझा कल कातळशिल्पांकडे आहे. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर, उघड्या जांभ्यात, प्रागैतिहासिक माणसाने प्राणी आणि आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. 2022 पासून त्यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभं राहून तो पटकन उमगतच नाही, कडेने फिरत रेषा जोडाव्या लागतात. देवाचे गोठणेच्या सड्यावर चित्रापाशी होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे वळते. अशा जागी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावं. तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात आणि कातळही तापलेला नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात याच सड्यांवर रानफुलं असतात, पण तेव्हा समुद्र शांत झाला नसेल तर किल्ल्यांच्या होड्यांचा भरवसा नाही.

गर्दी, जेवण, आणि कोणी कुठे जावं

शनिवार-रविवार अलिबाग, काशीद, दिवेआगर ओसंडतात. सोमवारी निघून शुक्रवारी परतणाऱ्याला तीच गावं वेगळी दिसतील; आठवड्याच्या मधले दिवस नसतील तर उत्तरेचा विचार सोडाच. मालवण-तारकर्ली दिवाळीत आणि डिसेंबरअखेर भरतं, पण तासाभराच्या अंतरावर भोगवे किंवा आचरा असतं आणि तिथे जागा मिळते.

जेवणाबद्दल फार बोलत नाही. शाकाहारी माणसाला दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या घरगुती खाणावळी सुखाच्या, उकडीचे मोदक सांगून ठेवावे लागतात. मासे खाणाऱ्याने मालवणी ताटासाठी दक्षिणेला जावं, याबद्दल मतभेद फक्त रायगडकर करतील.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या, चारच दिवस असलेल्या माणसाने उत्तर घ्यावी. मालवण मुंबईहून सुमारे 500 किलोमीटर आहे. चारांतले दोन दिवस महामार्गावर गेले तर किनाऱ्याला काय उरलं? सहा दिवस मिळत असतील, किंवा घर कोल्हापूर-सांगलीकडे असेल, तर दक्षिणच. तेव्हा दोनच मुक्काम करा, एक राजापूर-विजयदुर्गच्या बाजूला आणि एक मालवण-निवतीच्या. लहान मुलं असतील तर उत्तर: टप्पे छोटे आणि फेरीत गाडी चढते हेच त्यांना किल्ल्यापेक्षा मोठं आकर्षण.

परतताना कुठूनही किनाऱ्याने उलटं येऊ नका. दापोलीहून मंडणगडमार्गे महाडला निघालात तर चवदार तळ्यापाशी थांबता येतं, आणि पुण्याकडे जाणाऱ्यांना माणगावहून ताम्हिणी घाट गाठता येतो. वेंगुर्ल्याहून मात्र आधी शिरोड्याला जाऊन या, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचं हे गाव, आणि मग सावंतवाडीवरून आंबोली घाट चढा. दुपारी तीनच्या आत घाटाला लागलं तर धुकं उतरण्याआधी वर पोहोचता येतं.