ब्लेचली पार्क: बंगला झटपट, बाकी सावकाश

पाहुणे आले की लंडन आय आणि बकिंगहॅम पॅलेस ठरलेलंच. त्यातलं एक काहीतरी गाळा आणि तो दिवस ब्लेचली पार्कला द्या. लंडनच्या युस्टन स्टेशनहून थेट गाडी आहे, तासाभरात पोचता, आणि स्टेशनातून फाटक चालत पाच-दहा मिनिटांवर.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायचं काम इथे चालायचं. इथल्या गणिती ॲलन ट्युरिंगचं नाव सगळे घेतात. पण इथे हजारोंनी माणसं राबत होती आणि चारांतल्या तीन बायका होत्या, हे इथे हिंडताना खरं डोक्यात शिरतं.

सोबत सासूबाई होत्या. त्यांची सगळी नोकरी सांगलीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. तळं आणि बंगला त्यांनी पाच मिनिटांत उरकला, पण संदेश फोडायला मदत करणाऱ्या ‘बॉम्ब’ नावाच्या यंत्राच्या दालनातून त्या हलेनात. कपाटाएवढं धूड, पुढे 108 फिरती चाकं, आणि ते चालवायला नौदलाच्या महिला दलातल्या तरुण पोरी. आठ-आठ तासांच्या पाळ्या. चाकांच्या मागे बारीक तारांचे ब्रश असत. एक तार शेजारणीला टेकली की शॉर्ट, म्हणून चिमट्याने एकेक सरळ करत बसायचं. ‘‘रात्रपाळी सुटल्यावर घरी कशा जायच्या गं?’’ आईंचा पहिला प्रश्न. तिथल्या स्वयंसेवक आजोबांना विचारलं. मुली आसपासच्या गावांत राहायच्या, ने-आण करायला बस असायच्या. आईंचं समाधान झालं, मग आम्ही पुढे.

मला सगळ्यात आवडली ती मेव्हिस लीव्हरची गोष्ट. जर्मन शिकणारी विद्यार्थिनी, 1940 मध्ये इथे आली तेव्हा वय 19. एकदा तिच्या हाती एक इटालियन संदेश आला आणि तिच्या लक्षात आलं, यात ‘एल’ हे अक्षर कुठेच नाही. एनिग्मा म्हणजे शत्रूचं संदेश सांकेतिक करायचं यंत्र, आणि त्यात कुठलंच अक्षर सांकेतिक होताना स्वतःच्याच रूपात उमटत नाही. म्हणजे पलीकडच्या पठ्ठ्याला नुसता चाचणीचा संदेश पाठवायला सांगितलं असणार आणि तो आळसाने ‘एल’चंच बटण दाबत बसला असणार! तेवढ्यावरून तिने यंत्राच्या चाकाची जोडणी शोधली. मार्च 1941 मध्ये मातापानच्या लढाईत इटलीच्या तीन क्रूझर बुडाल्या, त्यामागेही तिचं आणि तिच्या गटाचं काम होतं.

दुसरी जोन क्लार्क. केंब्रिजची गणिती, जर्मन नौदलाचा एनिग्मा फोडणाऱ्या ‘हट 8’ या विभागातली. पगार वाढवायचा तर बायकांना बसेल अशी श्रेणीच नव्हती, म्हणून तिला ‘भाषातज्ज्ञ’ करून टाकलं. मग फॉर्म भरताना ही लिहायची: पद भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा एकही नाही. यावर आई इतक्या हसल्या की बाजूचे लोक बघायला लागले. ग्रेडची भानगड त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि एवढं करून सगळ्या गप्प. सत्तरच्या दशकात गुपित उघड होईपर्यंत घरच्यांनासुद्धा पत्ता नाही. इथे त्यांचे नुसते फोटो लावून हार घातलेले नाहीत, त्या नेमकं काय करत होत्या ते दाखवलंय. माझ्या मते जागेची खरी किंमत तीच.

तिकीट वर्षभर चालतं, त्यामुळे एका दिवसात सगळं संपवायचा हट्ट नको. स्वेटर न्या. जेवायला कॅफे आहे, आम्ही धपाटे नेले होते आणि हिरवळीवर बसून खाल्ले. शेजारच्या संगणक संग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, पण ते चुकवू नका: नव्याने बांधलेलं ‘बॉम्ब’ तिथे प्रत्यक्ष चालवून दाखवतात. त्याच्या वेळा मात्र आधी बघून ठेवा. यंत्र सुरू झाल्यावर त्या खडखडाटात आई माझ्या कानाशी ओरडल्या, ‘‘ह्यात आठ तास? कापसाचे बोळे तरी द्यायचे का, विचार त्यांना!’’