बारा हजार, तीन डबे आणि एक चादर : हेडफोन अ‍ॅम्प घ्यायचा तर कोणता?

ईशा, माझी भाची, शनिवारी इंदूरच्या महाराणी रोडवरच्या दुकानातून आली ती मन पक्कं करूनच. दुकानात तिने आधी स्वतःच्या डोंगलवर, म्हणजे हेडफोन फोनला जोडणाऱ्या बारक्या वायरतुकड्यावर, ऐकलं. मग दुकानदाराने तेच हेडफोन एका काळ्या डब्यात, म्हणजे हेडफोनला जोर देणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये, खोचले आणि, तिच्याच शब्दांत, "आत्या, गवई एकदम समोर येऊन बसला!"

"दोन्ही वेळा आवाज सारखाच होता?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तितकाच मोठा. मोजला होता कुणी?"

कोण मोजणार! दुकानात "भिया, अब ये सुनो" म्हणत नॉब जरा जास्त फिरवला की काम होतं. त्यात दुकानदाराची लबाडीच असते असंही नाही, त्याच्या स्वतःच्या कानालाही तेच वाटत असतं. एखाद-दोन डेसिबलचा फरक कानाला "मोठा" असा वाटत नाही. तो "स्वच्छ", "भरीव", "जवळचा" असा वाटतो. आकाशवाणीच्या कंट्रोल रूममध्ये काचेमागे बसून नोकरी काढली, तरी माझे कानही यात दरवेळी फसतात. म्हणून मी कानाआधी मीटर काढते.

तिच्याकडे हेडफोन दोन. एक ऑडिओ-टेक्निकाचा एम50एक्स, 38 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडसर), बंद कपांचा. दुसरा सेनहायझर एचडी 600, 300 ओहमचा, उघड्या जाळीचा, चुलतभावाने वापरून दिलेला. ती ख्याल शिकते आणि जुन्या मैफिलींच्या टेपांवरून बंदिशी उतरवून घेते. यात इंदूर घराण्याचे गवई उस्ताद अमीर खाँसाहेब आलेच, इंदूरची मुलगी दुसरं काय ऐकणार? बजेट बारा हजार. समोर पर्याय तीन : आहे तोच हजाराच्या आसपासचा यूएसबी-सी डोंगल, माझ्याकडचा यूएसबीवरच चालणारा काडेपेटीएवढा डॅक-अ‍ॅम्प (डॅक म्हणजे फाइलमधले आकडे आवाजाच्या विजेत बदलणारा भाग), आणि भिंतीच्या प्लगवर चालणारा टेबलावरचा अ‍ॅम्प, जो आम्ही ओळखीतून दोन दिवसांसाठी मागून आणला.

आवाज जुळवायची रीत सोपी आहे, पण एक खोच आहे. दीड-दोनशे रुपयांच्या पिवळ्या मल्टिमीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज बहुतेक वेळा 200 व्होल्टची असते. त्यावर हेडफोनचे मिलिव्होल्ट दिसायचेच नाहीत. एसीला 2 व्होल्टची किंवा मिलिव्होल्टची रेंज असलेला मीटर हवा. स्वस्त मीटर वरच्या कंपनांवर चुकतात, म्हणून सूर 1000 हर्ट्झचा न घेता 200 हर्ट्झचा घ्यायचा. एका जॅकचे दोन करणारी वायर लावायची, एका बाजूला हेडफोन आणि दुसऱ्या बाजूला मीटरच्या काड्या. सूर चालू असताना हेडफोन कानावर ठेवायचा नाही. एका डब्यावर 300 मिलिव्होल्ट आले की दुसऱ्याचा नॉब तिथेच आणायचा. 0.1 डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये सव्वा टक्क्याहूनही कमी, इथे साडेतीन मिलिव्होल्ट. तेवढं जुळलं की पुरे. दुकानात ईशाने जे ऐकलं त्यात बहुधा 12 टक्क्यांचा, म्हणजे एक डेसिबलचा, फरक सहज असेल.

मग दादाला, म्हणजे ईशाच्या बाबांना, कामाला लावलं. टेबलावर चादर, चादरीआड डबे. तो नाणं उडवून वायर बदलायचा आणि ईशाने नुसतं सांगायचं, डोंगल की टेबलवाला. दहा वेळा. (दादा दर वेळी खोकायचा, म्हणून पहिली फेरी रद्द केली. टेबलवाल्याला त्याचा खोकला वेगळा होता.)

आधी न जुळवता केलं : दहापैकी दहा बरोबर. दुकानात झालं ते हेच. मग एम50एक्सवर आवाज जुळवून : दहापैकी सहा. नुसतं अंदाजाने बोलणाऱ्यालाही सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे 38 टक्के असते, म्हणून त्या सहाला काही अर्थ नाही. दहापैकी नऊ आले असते तर मी मानलं असतं, कारण अंदाजाने नऊ किंवा दहा येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का. काडेपेटीवाल्याची गतही तीच झाली. ईशाचा चेहरा पडला. तिला वाटलं कान कच्चे आहेत. कान कच्चे नाहीत गं, डोंगल पक्का आहे. चांगल्या डोंगलचा गोंगाट आणि विकृती मूळ आवाजाच्या शंभर डेसिबलच्या आसपास खाली असते, म्हणजे एक लाखावा हिस्सा. जुन्या टेपचा स्वतःचा सळसळाट मूळ आवाजाच्या फार तर साठ-सत्तर डेसिबल खाली असतो. नदीकाठी बसून नळ गळतोय का ते ऐकण्यासारखं आहे. तेव्हा गोंगाट 120 डेसिबल खाली की 110 असल्या आकड्यांवरून डबा निवडणाऱ्यांना मी हात जोडते.

पण म्हणून टेबलावरचा अ‍ॅम्प बिनकामाचा ठरतो का? नाही. एचडी 600 लावला आणि खेळ बदलला.

डोंगल जास्तीत जास्त 1 व्होल्टच्या आसपास देतो. 38 ओहमला तेवढ्यात 26 मिलिवॅट मिळतात, 300 ओहमला फक्त 3.3. एचडी 600 मध्ये 1 व्होल्टला साधारण 102 डेसिबल निघतात. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण हा आकडा फाइलमधल्या सर्वांत मोठ्या ठोक्याचा आहे. ख्यालातला आलाप त्याच्या वीस डेसिबल खाली सहज असतो. त्यात जुन्या टेपवरून उतरवलेल्या फाइली बऱ्याचदा आणखी दहा डेसिबल हळू असतात. उरले 72. खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ताल, खर्जात मेरुखंडाची, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट मांडणीची, एकेक पायरी, वर पंखा चालू, आणि डोंगल शेवटच्या रेघेवर. त्यापुढे जागाच नाही. भरीस भर, ईशाचा डोंगल अ‍ॅपलचा, तो बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर स्वतःचाही पूर्ण आवाज देत नाही. लॅपटॉपवर देतो, म्हणून आम्ही सगळं लॅपटॉपवर केलं.

टेबलवाला 5 व्होल्ट देतो, म्हणजे 14 डेसिबल जास्त. हाच खरा फरक. आधुनिक ध्वनिमुद्रणावर आवाज जुळवून एचडी 600 ची फेरी केली तेव्हा ईशाचे दहापैकी पाच आले. त्या हळू टेपवर मात्र चादरीची गरजच पडली नाही, डोंगल तिथवर पोचतच नव्हता. काडेपेटीवाला मधला : 2 व्होल्ट, 6 डेसिबल जास्त. बहुतेक फाइलींना पुरला, दोन मैफिलींना नाही.

अर्थात जागा आहे म्हणून नॉब पुरा फिरवायचा नाही. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची जुनी मर्यादा आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. शिकणाऱ्या पोरीचे कान तिला चाळीस वर्षं वापरायचे आहेत.

खोक्यावरचे वॅट वाचताना एक सांभाळायचं. फिओच्या के11 सारख्या डब्यावर 32 ओहमला 1400 मिलिवॅट असा दणकट आकडा असतो. तो 4.4 मिलिमीटरच्या बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या वायरी पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या) जॅकचा आहे. तुमच्या हेडफोनची वायर साध्या जाड 6.35 जॅकची असेल तर तुम्हाला त्याहून बरंच कमी मिळतं. ते कमीही पुरतं, पण आकड्याचे पैसे मोजताना कुठल्या भोकाचा आकडा आहे ते बघावं.

आता ज्या गोष्टी दुकानात कुणी दाखवत नाही त्या. पहिली म्हणजे आउटपुट इम्पीडन्स, अ‍ॅम्पच्या पोटातला अडसर. ठोकताळा असा की हेडफोनचे ओहम त्याच्या आठपट तरी हवेत. तिन्ही डब्यांचा अडसर एक-दोन ओहमच्या आत होता, म्हणून तिन्हींचा रंग एकच आला. पण दादाच्या जुन्या म्युझिक सिस्टीमच्या जॅकला एचडी 600 लावला तेव्हा ईशा लगेच म्हणाली, "इथे डग्गा गोल वाटतो." बरोबर! तिथे सुमारे शंभर ओहम अडसर आहे. एचडी 600 नावाला 300 ओहमचा, पण खर्जाकडे, शंभर हर्ट्झच्या जरा खाली, त्याचे ओहम पाचशेच्या वर चढतात. अडसर असला की तेवढाच पट्टा बाकीच्यांपेक्षा जवळजवळ एक डेसिबल वर येतो. यालाच लोक "ऊब" म्हणतात आणि तिच्यासाठी काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प घेतात. ऊब आवडली तर जरूर घ्यावी, पण स्वस्तातल्या पुष्कळ डब्यांत नळी केसरी दिसते ती तिच्याखाली लावलेल्या एलईडीमुळे, आणि हेडफोन ओढायचं काम शेजारची चिप करत असते. तेवढी ऊब इक्वलायझरवर फुकट मिळते.

दुसरी गोष्ट गोंगाट. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, काही न वाजवता ऐकायचं. इथे टेबलवाला हरला! एम50एक्सवर चाललं, पण ईशाचे कानात घालायचे बारके इअरफोन लावले तर हाय गेनवर (गेन म्हणजे अ‍ॅम्प आवाज किती पट वाढवतो ते) स्पष्ट सळसळ. लो गेनवर ती गेली, पण मग नॉब आठ वाजण्याच्या जागी अडकला, आणि स्वस्त नॉबचा तिथे डावा-उजवा जुळत नाही. तानपुरा मधून सरकून डाव्या कानाशी जाऊन बसला. डोंगल इथे बिनविरोध जिंकला : ना सळसळ, ना सरकणं.

टेबलवाल्यावर पहिल्या दिवशी एक गुणगुणही होती, आणि ईशाने लगेच त्याला नापास केलं. लॅपटॉपचा चार्जर काढला, गुणगुण गेली. दोन पिनांचा चार्जर, त्यातून झिरपणारा करंट यूएसबीच्या वायरीतून अ‍ॅम्पमध्ये. लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवताना कधी झिणझिणलं असेल, तो हाच. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून ऐकायचं किंवा अर्थिंग असलेला तीन पिनांचा चार्जर वापरायचा. सॉकेटची तिसरी पिन आतून खरंच जोडलेली आहे का, हे मात्र इलेक्ट्रिशियनला विचारा. आमच्या जुन्या घरात ती शोभेची होती.

अमेरिकेतून कुणी आणून देणार असेल तर अ‍ॅडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय प्लग लावू नका. काही साध्या अ‍ॅम्पांना मोबाइलच्या चार्जरसारखा स्विचिंगवाला अ‍ॅडॅप्टर चालत नाही, आत नुसता ट्रान्सफॉर्मर असलेला, एसीतून एसीच देणारा ठोकळा लागतो. तिकडचा तो 120 व्होल्टचा असतो. आमच्या शेजारी एका घरी तो सरळ 230 वर लागला. वास दोन दिवस गेला नाही.

तर कुणी काय घ्यावं? फक्त एम50एक्ससारखा, तीस-चाळीस ओहमचा हेडफोन असेल आणि आवाज कधी कमी पडत नसेल, तर डोंगलवर थांबा. वरचे पैसे अ‍ॅम्पवर घालणं मला मुळीच पटत नाही. इअरफोनवाल्यांनीही तिथेच थांबावं. 250-300 ओहमचा हेडफोन आणि हळू जुन्या फाइली, असं दुहेरी दुखणं असेल तर टेबलवाला. डॅकचं काम करायला डोंगल आहेच, म्हणून नुसता अ‍ॅम्प घेतला तरी चालतो : डोंगलच्या जॅकमधून वायर काढून त्यात घालायची, डोंगल पुऱ्या आवाजावर ठेवायचा आणि लो गेन, हाय गेनचं बटण आहे याची खात्री करायची. काडेपेटीवाला मी फक्त त्याला सुचवीन जो हेडफोन घेऊन फिरतो. ईशा फिरत नाही, पलंगावर मांडी घालून बसते.

नवा अ‍ॅम्प "वापरला" की आठ दिवसांत आवाज खुलतो, असं तिला दुकानात सांगितलं होतं. आठ दिवसांत कान रुळतात. हवं तर परतीची मुदत आठ दिवसांहून मोठी आहे का ते बघ, म्हटलं.

शेवटी तिने साध्या जॅकचा, बॅलन्स्ड नसलेला टेबलवाला ठरवला, बजेटच्या बराच खाली. चार-साडेचार हजार उरले. मी एचडी 600 चे पॅड दाबून पाहिले. चुलतभावाने इतकी वर्षं वापरून ते पापडासारखे चपटे केले होते. पॅड चपटे झाले की कान हेडफोनच्या पडद्याच्या जवळ जातो, कड नीट बसत नाही, आणि खर्जापासून वरपर्यंत सगळा तोल बदलतो. दहापैकी दहा वेळा ओळखू यावा असा फरक हा. नवे पॅड मागवले आहेत. एक कप जुन्या पॅडचा, एक नव्याचा असं लावून ईशाला ऐकवायचं ठरलं आहे. चादर लागणार नाही असं मी म्हणते, पण दादाने ती घडी करून टेबलाखालीच ठेवली आहे.