अर्धवट कादंबरी, नवे कथाबीज आणि स्क्रिव्हनर

कादंबरीचा खर्डा निम्म्याच्या आसपास पोहोचला की नेमके तेव्हाच दुसऱ्या कादंबरीचे बीज डोक्यात घोळू लागते, हा अनुभव दीर्घ लेखन करणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा आहे. मराठीत त्यात दिवाळी अंकांची भर पडते. संपादकांकडून दीर्घकथेची मागणी येते आणि त्या निमित्ताने सुचलेले काहीतरी पाहता पाहता कादंबरीएवढे होऊ पाहते. हातातले सोडवत नाही आणि नव्याकडे दुर्लक्षही करवत नाही, अशा अवस्थेत स्क्रिव्हनर हे लेखनाचे सॉफ्टवेअर कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण मर्यादित आहे.

कीथ ब्लाउंट यांनी हे सॉफ्टवेअर मुळात स्वतःच्या लेखनाची गरज म्हणून तयार केले. त्यांच्या लिटरेचर अँड लॅटे या ब्रिटिश कंपनीने ते २००७ मध्ये मॅकसाठी बाजारात आणले. विंडोजसाठीची आवृत्ती २०११ मध्ये आली, आणि आज दोन्हींवर तिसरी आवृत्ती चालते. वर्डमध्ये कादंबरी ही एक लांबलचक फाइल असते. येथे ती प्रसंगांच्या सुट्या तुकड्यांची बनते. हे तुकडे डावीकडच्या बाइंडर नावाच्या यादीत दिसतात आणि हवे तसे वरखाली हलवता येतात. एका कादंबरीच्या अशा सगळ्या मजकुराला येथे प्रोजेक्ट म्हणतात. पात्रांची टिपणे, छायाचित्रे, पीडीएफ असे सगळे संदर्भसाहित्य त्याच प्रोजेक्टमधल्या रिसर्च विभागात राहते आणि छपाईच्या मजकुरात मिसळत नाही.

दोन कादंबऱ्यांच्या ओढाताणीत सापडलेल्या लेखकासाठी मात्र यातली सर्वांत मोलाची सोय वेगळीच आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ती म्हणजे स्क्रॅच पॅड. ही एक लहानशी तरंगती खिडकी आहे. तिच्यात लिहिलेली टिपणे कोणत्याही प्रोजेक्टच्या मालकीची नसतात. ती संगणकावर एका वेगळ्या फोल्डरमध्ये साठत जातात. माझी अर्धवट कादंबरी सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांच्या एका कुटुंबाची आहे. तिच्या मध्यावर, धाकटा मुलगा मागावर बसायला नकार देतो त्या प्रकरणात, दाभोळची खाडी आणि फेरीबोट मनात येऊ लागली. मी स्क्रॅच पॅड उघडून एवढेच लिहिले: ‘धोपाव्याच्या जेट्टीवर तिकिटे फाडणारी बाई शेवटच्या फेरीनंतरही घरी का जात नाही?’ खिडकी मिटली, आणि मागे सोलापूरचे वाक्य जिथे थांबले होते तिथेच कर्सर उभा होता. कल्पनेची नोंद झाली, ती हरवणार नाही याची खात्री पटली, आणि तरीही ती लेखनाच्या मेजावर पाय पसरून बसली नाही. ‘हे आत्ताच लिहिले नाही तर निसटेल’ ही भीतीच लेखकाला जुन्या हस्तलिखितापासून बहुतेक वेळा दूर नेते. ती भीती एका ओळीत शमवणारे साधन माझ्या मते फार महत्त्वाचे आहे.

याउलट, नव्या कल्पनेसाठी पहिल्याच दिवशी नवा प्रोजेक्ट उघडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. स्क्रिव्हनरमध्ये कादंबरीचा तयार साचा मिळतो. तो निवडला की हस्तलिखित, पात्रे, स्थळे, संदर्भ असे विभाग क्षणात समोर मांडले जातात. पात्राचा नमुना-तक्ता व्यवसाय, रूप, स्वभाव, लकबी, पूर्वायुष्य, अंतर्गत आणि बाह्य संघर्ष असे सगळे विचारतो. हे रकाने भरताना कादंबरी सुरू झाल्याचे समाधान मिळते, पण प्रत्यक्षात एकही प्रसंग लिहिलेला नसतो. जुन्या कादंबरीच्या मध्यावर थकलेल्या लेखकाला हे समाधान विशेष गोड वाटते, म्हणून ते विशेष घातकही आहे. स्क्रॅच पॅडमधली टिपणे एकमेकांशी बोलू लागली, त्यांतून एखादे पात्र स्वतःहून दुसऱ्या प्रसंगात शिरू लागले, की नव्या प्रोजेक्टची वेळ आली असे मी मानते. त्या वेळी ही टिपणे आतल्या आतच नव्या प्रोजेक्टमध्ये पाठवता येतात.

दोन्ही कादंबऱ्या खरोखरच शेजारी शेजारी चालवायच्या ठरल्या, तर त्यांचे प्रोजेक्ट स्वतंत्र ठेवावेत. शब्दसंख्येचे उद्दिष्ट, मुदत आणि रोजच्या लेखनाची नोंद ही प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी राहते. त्यामुळे नवी कादंबरी जुनीचा वेळ किती खाते आहे, हे महिन्याच्या नोंदीवर एक नजर टाकली तरी कळते. दोन्ही प्रोजेक्ट एकाच वेळी उघडे ठेवून एकाच्या बाइंडरमधला प्रसंग दुसऱ्याच्या बाइंडरमध्ये ओढून नेता येतो आणि मूळ प्रत जागेवरच राहते. सोलापूरसाठी लिहिलेले, आजीने समुद्र पहिल्यांदा पाहिल्याचे एक पान मी असेच दाभोळकडे नेले. शोध मात्र एका वेळी एकाच प्रोजेक्टमध्ये घेता येतो. एखादे वाक्य कोणत्या कादंबरीत लिहिले हेच आठवत नसेल, तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

जुन्या हस्तलिखिताकडे परतण्याच्या कामी कॉर्कबोर्ड, म्हणजे प्रसंगांची कार्डे मांडलेला पडद्यावरचा फलक, मला सर्वाधिक उपयोगी वाटला. प्रत्येक प्रसंगाचे एक कार्ड असते. त्यावर दोन ओळींचा सारांश लिहिता येतो आणि कार्डावर त्या प्रसंगाच्या स्थितीचा शिक्का तिरपा उमटवता येतो. हे शिक्के मूळ इंग्रजीत असले तरी बदलता येतात. माझ्याकडे ते ‘लिहायचे आहे’, ‘कच्चा खर्डा’, ‘पुन्हा वाचावे’ आणि ‘पक्के’ असे आहेत. बऱ्याच खंडानंतर प्रोजेक्ट उघडल्यावर नेमके कोणते प्रसंग उरले आहेत हे एका पडद्यावर दिसते. ‘ती कादंबरी अजून अर्धी आहे’ या धूसर ओझ्याच्या जागी उरलेल्या प्रसंगांची ठोस यादी येते. जुना मजकूर बदलण्यापूर्वी त्याची स्नॅपशॉट ही प्रत काढून ठेवण्याची सोयही अशा वेळी धीर देते, कारण नव्या कादंबरीच्या भाषेचा सूर जुनीत शिरला तर मागे परतता येते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. युनिकोड देवनागरीत टंकन करता येते, परंतु मेनू मराठीत नाहीत. शब्दसंख्येचे उद्दिष्ट ठरवताना इंग्रजी लेखकांचे आकडे उचलू नयेत. ‘घरासमोरच्या’ हा मराठीत एकच शब्द मोजला जातो, तर तेवढ्याच आशयाला इंग्रजीत तीन-चार शब्द लागतात, आणि असे उद्दिष्ट पुरे होत नाही म्हणून लेखक अकारण खचतो. पूर्ण हस्तलिखित एकत्र करून वर्ड किंवा पीडीएफमध्ये काढण्याची कंपाइल ही सोय शक्तिशाली असली तरी किचकट आहे, आणि ती शिकायला सवड काढावी लागते. अँड्रॉइडवर स्क्रिव्हनर उपलब्ध नाही, ही आपल्याकडच्या लेखकांसाठी मोठी उणीव आहे. लोकलमध्ये किंवा एसटीत सुचलेली ओळ फोनवरच्या एखाद्या साध्या टिपणवहीत लिहून नंतर संगणकावर आणावी लागते. आयफोन आणि आयपॅडसाठीची आवृत्ती आहे, पण ती वेगळी विकत घ्यावी लागते आणि संगणकाशी तिचा मेळ ड्रॉपबॉक्समार्फत घातला जातो.

मॅक किंवा विंडोजच्या आवृत्तीची किंमत सुमारे ६० डॉलर आहे. मराठी लेखनातून मिळणाऱ्या मानधनाच्या मानाने ती कमी नाही, परंतु ती एकदाच भरायची असते आणि दरमहा वर्गणी नसते. चाचणी आवृत्ती ३० दिवसांची आहे, आणि ज्या दिवशी सॉफ्टवेअर उघडले जाते तेवढेच दिवस त्यात धरले जातात. आठवड्यातून दोनदाच लिहिणाऱ्याला ती तीन महिन्यांहून अधिक पुरते. ही चाचणी ताज्या कल्पनेवर न घेता अर्धवट राहिलेल्या हस्तलिखितावर घ्यावी. वर्डच्या फाइलमध्ये प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी एक ठरावीक खूण टाकली, तर आयात करताना स्क्रिव्हनर त्या खुणेवर मजकूर तोडून त्याचे वेगवेगळे तुकडे बाइंडरमध्ये लावून देते. त्यानंतर एखाद्या संध्याकाळी बसून प्रत्येक तुकड्याला सारांश आणि शिक्का देता येतो.