बॅकड्रॉपच्या जाहिरातीत बॅकड्रॉप दिसतच नाही: घरगुती स्टुडिओवाल्यांनो, सावध राहा

राहत्या घरातल्या एका खोलीत फोटोग्राफी करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या मोबाईलवर सध्या घडीच्या बॅकड्रॉपच्या, म्हणजे फोटोत मागे लावायच्या पडद्याच्या, जाहिराती सारख्या येतात. पाच बाय सात फूट, दोन्ही बाजूंनी वापरता येणारं, हाताने रंगवलेलं मसलिन म्हणजे साधं सुती कापड, कडेला स्टीलची रिंग, वर स्टँड आणि पिशवी, सगळं मिळून दीड हजारांच्या आत. अशाच एका जाहिरातीने मला फसवलं. रक्कम फार मोठी नाही. पण रक्कम लहान असली की बहुतेक लोक तक्रारच करत नाहीत आणि हे विक्रेते त्याच भरवशावर जगतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी कोल्हापुरात राहते. खोली दहा बाय अकराची, संध्याकाळी तीच मुलांच्या अभ्यासाची. काम दोन प्रकारचं: लहान बाळांचे फोटो आणि गुजरीतल्या काही सराफांसाठी साज, ठुशी, बोरमाळेचे फोटो. दागिन्यांना साधा, एकरंगी, चमक नसलेला पडदा लागतो. बाळांच्या फोटोंना मात्र मागे ढगाळ, मऊ छटा हवी असते, आणि खोली रोज रिकामी करायची असल्यामुळे मला रिंगचा, घडी होणारा पडदा हवा होता. ज्यांनी तो वापरला नाही त्यांच्यासाठी सांगते: त्याच्या कडेतून लवचिक स्टीलची पट्टी फिरवलेली असते, पीळ देऊन मिटला की साधारण दोन फुटांची चकती होते, आणि उघडला की ताठ उभा राहतो. कापड ताणलेलं असल्यामुळे चुण्या पडत नाहीत. छोट्या जागेसाठी ही उत्तम वस्तू आहे, जाहिरातीत दाखवलं होतं तेही हेच.

मी ऑर्डर दिली: १९९ रुपये यूपीआयने आगाऊ, उरलेले १,२५० पार्सल आल्यावर. आगाऊ रक्कम कशासाठी, तर म्हणे 'ऑर्डर खरी आहे याची खात्री' म्हणून. पार्सल आणणाऱ्या मुलाने आधी पैसे, मग पाकीट, असंच सांगितलं. त्याला तसाच नियम दिलेला असतो, त्याचा दोष नाही.

आत होतं ते नॉनवोव्हन कापड, म्हणजे दुकानात पिशव्यांना वापरतात ते न विणलेलं, दाबून चिकटवलेलं कापड. रिंग नाही, स्टँड नाही, हाताने रंगवणं तर दूरच. एकाच बाजूला छपाई, तीही इतकी ढोबळ की हातभर अंतरावरून रंगाचे चौकोन मोजता यावेत. टेपने मोजलं तर साडेचार बाय सहा फूट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं १४० ग्रॅम.

हे वजन महत्त्वाचं आहे. कापडाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. साडेचार बाय सहा फूट म्हणजे अंदाजे अडीच चौरस मीटर. १४० भागिले अडीच केलं की ५६ जीएसएम येतं. नॉनवोव्हनच्या साध्या पिशवीलासुद्धा आपल्या देशात २०२१ पासून किमान ६० जीएसएमची अट आहे. खरा पाच बाय सातचा पडदा सव्वातीन चौरस मीटर भरतो. १३० जीएसएमचं मसलिन धरलं तरी नुसतं कापडच सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास जायला हवं, स्टीलच्या रिंगचं वजन वेगळंच. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न वजनाचा विचारा. कापड काय आहे हे तो कसंही सांगेल, पण वजन चुकीचं सांगितलं तर काट्यावर उघडं पडतं. कुरिअरच्या लेबलवरही बहुतेक वेळा वजन छापलेलं असतं, तेही वाचा.

पातळ कापडाने काय होतं ते पाहायचं असेल तर ते खिडकीपुढे धरा. माझ्या खिडकीचे गज त्यातून एकेक करून दिसत होते. भिंतीपुढे टांगलं तर मागचा स्विचबोर्ड फोटोत सावलीसारखा उमटला. समोरून सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणारी दिव्याची पेटी, लावला की छपाईवर चमक यायची आणि घडीच्या रेषा जास्तच उठून दिसायच्या. इस्त्री फिरवायची सोय नाही, कारण हे कापड पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे प्लॅस्टिकचं असतं, गरम इस्त्रीने वितळतं. त्याला इतका उग्र वास होता की बाळाला त्याच्या जवळ बसवायचा विचारही मनात आला नाही.

गडहिंग्लजहून एक कुटुंब सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन येणार होतं. त्यांना मी निळसर ढगाळ पार्श्वभूमीचा शब्द दिला होता. फोटो शेवटी जुन्या करड्या कापडापुढे काढले, पैसे कमी घेतले. त्या आई-बाबांनी समजून घेतलं, तरी दिलेला शब्द पाळता आला नाही याचं मला फार वाईट वाटलं. घरून काम करणाऱ्याचं नाव एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जातं. दीड हजारांपेक्षा हे नुकसान मोठं आहे, आणि ते कुठल्याच तक्रार अर्जात लिहिता येत नाही.

या धंद्यात फसवणूक इतकी सोपी का होते, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. जाहिरातीत आपल्याला पडदा दाखवतच नाहीत, पडद्यापुढे काढलेला फोटो दाखवतात. ८५ मिमीची लेन्स एफ २ वर, म्हणजे मागचं सगळं धूसर होईल इतकी उघडी, ठेवा, बाळाला पडद्यापासून चार-पाच फूट पुढे बसवा, प्रकाश नीट लावा. मागे घरातली चादर असली तरी फोटोत रंगाची सुंदर मऊ छटाच दिसेल. तो फोटोग्राफरच्या कामाचा गुण आहे, कापडाचा नाही. आणि तो फोटोही बहुतेक वेळा चोरलेला असतो. माझ्या जाहिरातीतलं चित्र मी गूगल लेन्सवर टाकलं, तेव्हा तेच बाळ, तीच टोपली वेगवेगळ्या नावांच्या पाच-सहा पानांवर सापडली. एका ठिकाणी कोपऱ्यात मूळ फोटोग्राफरच्या नावाचा शिक्का होता, बाकी सगळीकडे तो पुसलेला होता. त्या कुणा फोटोग्राफरच्या कष्टावर हे लोक चिंध्या विकत आहेत, याची मला जास्त चीड आली.

म्हणून उघड्या कापडाचा व्हिडिओ मागा. बाळ नको, टोपली नको, फुलं नकोत. कापड जमिनीवर पसरलेलं, त्यावर टेप धरलेली, मग तेच कापड खिडकीच्या उजेडासमोर, मग मुठीत चुरगळून सोडलेलं. मोठा पडदा असेल तर कापडाचा पन्हा किती आणि मधे जोड आहे का, हेही विचारा, कारण जोडाची शिवण चेहऱ्याच्या मागे आली की प्रत्येक फोटो दुरुस्त करत बसावं लागतं. प्रामाणिक दुकानदार दोन मिनिटांत असा व्हिडिओ पाठवतो. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारातल्या एका दुकानदाराने मला न कुरकुरता पाठवला, वर कापडाचा तुकडा नमुना म्हणून द्यायची तयारी दाखवली.

आता पैसे परत मागण्याची गोष्ट, कारण खरा धोका तिथे आहे. पाकिटावरच्या नंबरवर व्हॉट्सअॅप केलं. पहिलं उत्तर, "मॅडम, सेम प्रॉडक्ट है, लाईट का फरक है." मोजमापाचे आणि वजनाचे फोटो पाठवले तेव्हा स्वर बदलला. मग दुसऱ्याच नंबरवरून फोन आला, आम्ही रिफंड विभागातून बोलतोय, क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. मी फोन ठेवला. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. तक्रार करणारा माणूस आधीच चिडलेला असतो, पैसे परत मिळणार म्हटल्यावर घाईत असतो, आणि हे लोक नेमकी तीच वेळ साधतात. त्या नंबरची तक्रार मी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर केली. पैसे प्रत्यक्ष गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

मी बधत नाही म्हटल्यावर विक्रेत्याने तीन गोष्टी ऐकवल्या, आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिली, आमच्याकडे 'नो रिटर्न'. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, साइटवर त्याने काहीही लिहिलेलं असो. दुसरी, तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. हे ऐकून आपल्यातले बरेच जण गप्प बसत असतील. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. घरच्या खोलीत एकटीने स्टुडिओ चालवणारी बाई ग्राहकच आहे. तिसरी, केस करायची तर दिल्लीत या. नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

साइटवर पत्ता मुंबईचा होता, पण जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. मुंबईची म्हणवणारी पेढी ०७ चा नंबर दाखवते तेव्हा विचारायलाच हवं. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली, आणि नाव कुठल्यातरी वेगळ्याच व्यापाऱ्याचं. हे तपासायला पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही. जाहिरातीचं पान दरम्यान नाव बदलून पुन्हा सुरू झालं, चित्र तेच. यूपीआय अॅपने सांगितलं की वस्तू पोचली आहे, वाद विक्रेत्याशी मिटवा. आता जिल्हा आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे.

कामापुरतं मी निभावून नेलं आहे. इचलकरंजीहून रुंद पन्ह्याचा जाड मांजरपाट आणला, घरी करड्या-निळ्या रंगात बांधून रंगवला, आणि त्याच्या रंगात कुठे गडद कुठे फिकी अशी जी छटा आली ती बाळांच्या फोटोंना शोभते. दागिन्यांसाठी १.३५ मीटर रुंदीचा, मागे लावायच्या कागदाचा पेपर रोल घेतला. २.७२ मीटरचा रोल मोह पाडतो, पण आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो मावत नाही आणि खोलीत तिरपा ठेवावा लागतो. मागवण्याआधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजून घ्या.

तुमच्याकडे असं पार्सल आलं असेल तर रागाने पाकीट फेकू नका. लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, कुरिअरचा नंबर, वजन असतं, आणि तक्रारीत साइटवरच्या पत्त्यापेक्षा तेच कामाला येतं. उघडतानाचा व्हिडिओ एका सलग शॉटमध्ये काढा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह त्याच दिवशी घ्या, कारण ते पान आठवड्याभरात नाहीसं होऊ शकतं. पडदाही जपून ठेवा. माझा घडी करून कपाटात ठेवला आहे, सुनावणीच्या दिवशी तो काट्यासकट न्यायचा आहे.